कवड्यांची माळ: डोंगरावरची, घरपोच आलेली आणि पेठेत गुंफून घेतलेली

बेळगाव जिल्ह्याला कुठेच समुद्र लागत नाही, आणि तरीही समुद्रात राहणाऱ्या एका लहान गोगलगायीचे कवच इथल्या इतक्या घरांत आहे की ते बाहेरून आलेले आहे याची आठवणही आता कुणाला राहिलेली नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती असलेली टोपली, डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या जोगतिणीच्या गळ्यात ते असते, तुळजाभवानीचा कुलाचार पाळणाऱ्या घरांत देवीच्या मुखवट्यावर असते, गोंधळ्याच्या छातीवर असते आणि बेंदराला बैलाच्या मानेवरही असते. मात्र कवड्यांची माळ विकत घेण्याची वेळ आली की आपण ती फुलांच्या हारासारखी घेतो. लांबी पाहतो, थोडा भाव करतो आणि पिशवीत टाकतो. ती टिकणार किती, तिच्यातली कवडी कोणती, ती खरी तरी आहे का, हे प्रश्न आपण सहसा विचारतच नाही.

आमच्या घरी परडी भरण्याचा कुलाचार आहे. देवीच्या मुखवट्यावरची सासूबाईंच्या वेळची माळ दोरा कुजून तुटली, तिच्यातल्या काही कवड्या हरवल्या, आणि नवी माळ घेणे भाग पडले. त्या निमित्ताने मी तीन प्रकारच्या माळा घेतल्या व वापरल्या: सौंदत्तीच्या डोंगरावरच्या एका टपरीवरची तयार माळ, एका संकेतस्थळावरून घरपोच मागवलेली माळ, आणि बेळगावच्या जुन्या पेठेतल्या एका दुकानातून सुट्या कवड्या घेऊन पटवेकऱ्याकडून, म्हणजे दोरे-गोफ ओवणाऱ्या कारागिराकडून, गुंफून घेतलेली माळ. तिन्ही विक्रेत्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा रोख दुकानांवर नसून वस्तूवर आहे आणि ही वस्तू पारखता आली की दुकान कोणते आहे याने फारसा फरक पडत नाही. माझे मत आधीच सांगून टाकते: तयार माळ घेऊ नये, पाठ न फोडलेली सुटी कवडी हातात घेऊन, निवडून घ्यावी आणि मग ती गुंफून घ्यावी.

डोंगरावरच्या माळेपासून सुरुवात करते. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत यल्लम्माच्या डोंगरावर भाविकांची रीघ असते, आणि त्या काळात वाटेच्या दोन्ही बाजूंना भंडारा, कुंकू, हिरव्या बांगड्या, परड्या आणि कवड्यांच्या माळा यांची दुकाने लागलेली असतात. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या वाटेवर, ‘उधो उधो’च्या गजरात माळ घेण्यात जो भाव आहे, त्याचे मोल मी कमी करणार नाही; ज्यांना डोंगरावरची म्हणूनच माळ हवी असते त्यांनी ती अवश्य घ्यावी. पण वस्तू म्हणून पाहिले तर ती कच्ची निघाली. किंमत दोनशे रुपयांच्या आत होती आणि कवड्या खऱ्या होत्या, ही तिची जमेची बाजू. मात्र त्यांची पाठ यंत्राच्या चाकावर कापून तशीच सोडलेली होती. कापलेली कड बोटाला टोचत होती, आणि जी कड बोटाला टोचते ती दोऱ्यालाही कापते. दोरा नायलॉनचा, एकपदरी, आणि दोन कवड्यांमध्ये गाठ कुठेच नव्हती. अशा माळेत एका जागी दोरा तुटला की सगळी माळ ओघळते, आणि पुढच्या नवरात्राच्या आत नेमके तेच झाले.

शिवाय त्या माळेत दोन वेगवेगळ्या जातींच्या कवड्या मिसळलेल्या होत्या. पाठ कापून टाकल्यावर हा भेद सहज लक्षात येत नाही, म्हणून तो इथे सविस्तर सांगते. आपल्याकडे बाजारात येणारी छोटी पांढरी कवडी मुख्यतः दोन जातींची असते. एक मोनेटारिया मोनेटा, म्हणजे जगात शेकडो वर्षे नाणे म्हणून चाललेली पैशाची कवडी. आणि दुसरी तिची जवळची बहीण मोनेटारिया ॲन्युलस. या दोन्ही जातींना स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली नावे दिली. ॲन्युलसच्या पाठीवर सोनेरी-नारिंगी रंगाचे एक कडे असते आणि कड्याच्या आतला भाग किंचित निळसर राखी दिसतो, त्यामुळे पाठ शाबूत असेल तर लहान मूलसुद्धा ती ओळखेल. मोनेटाच्या पाठीवर असे ठसठशीत कडे नसते. ती फिकट पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणत्याही छटेची असते. पाठ कापली की हे कडेच निघून जाते आणि मग उरते ती फक्त बाह्यरेषा. ॲन्युलसची बाह्यरेषा गुळगुळीत लंबगोल असते, तर मोनेटा काहीशी चपटी, कोनदार असते आणि तिच्या कडांवर, विशेषतः मागच्या बाजूला, गाठींसारखे उंचवटे असतात. माळ उलटी धरून तोंडाच्या बाजूने पाहिली तरी हा फरक कळतो. देवीच्या माळेसाठी दोन्ही जाती चालतात, त्यात उणेअधिक काही नाही. पण दोन्ही एकत्र ओवल्या की माळ एकसारखी बसत नाही, कवड्या एकमेकींवर नीट टेकत नाहीत आणि मोकळ्या राहिलेल्या जागी त्या घासू लागतात.

घरपोच आलेल्या माळेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छायाचित्रात ती सुरेख होती, खोक्यात घालून व्यवस्थित आली, आणि किंमत डोंगरावरच्या माळेच्या दुपटीहून जास्त होती. हातात घेताच ती हलकी लागली. नीट पाहिल्यावर प्रत्येक कवडीच्या एकाच जागी साच्याची बारीक रेघ दिसली, आणि तोंडाच्या दोन्ही ओठांवरचे दात सगळ्या कवड्यांत मोजून सारखे निघाले. खऱ्या कवड्यांत असे होत नाही. दातांची संख्या, त्यांची लांबी, त्यांच्यातले अंतर हे प्रत्येक प्राण्याचे वेगळे असते. खात्री करण्यासाठी एका कवडीच्या आतल्या बाजूला लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकला. खरे कवच चुन्याचे असल्याने त्यावर आम्लाचा थेंब पडताच बारीक बुडबुडे येतात. इथे थेंब तसाच राहिला. वस्तू परत घेतली गेली आणि पैसे मिळाले, हे नमूद करायला हवे. पण ‘अस्सल समुद्री कवडी’ असे लिहून प्लास्टिकची माळ देवीसाठी म्हणून विकणे मला मुळीच पटलेले नाही, आणि छायाचित्र पाहून कवडी घेऊ नये हे मी सर्वांना सांगेन.

आता पेठेतल्या दुकानाकडे वळते. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या भागात पूजासाहित्याची जी जुनी दुकाने आहेत, त्यांपैकी हे एक. समोर समया, घंटा, टाक आणि परड्या मांडलेल्या असतात आणि आत गोणपाटाच्या पिशव्यांत सुट्या कवड्या ठेवलेल्या असतात. दुकानदार वयस्क आहेत, गिऱ्हाईक पाहून मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलतात आणि विक्रीची घाई करत नाहीत. मी माळ मागितली तेव्हा त्यांनी तयार माळ काढलीच नाही. ‘कशाला पाहिजे ओ काकू, देवीला की बैलाला?’ असे आधी विचारले, आणि देवीला म्हटल्यावर एक सूप पुढे करून त्यात ओंजळभर बारीक कवड्या ओतल्या. ‘तुमच्या हातानं निवडा की, मी निवडल्या तर नंतर मला बोल लावशीला,’ असे म्हणाले. कोणत्याही दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हाती असा माल मोकळेपणाने द्यावा, ही माझ्या मते या दुकानाची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे, कारण पाठ शाबूत असलेली कवडी काहीही लपवू शकत नाही.

कवडी निवडताना काय पाहावे हे समजून घ्यायचे तर ती कशी तयार होते हे ठाऊक असावे लागते. ही गोगलगाय हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उबदार, उथळ पाण्यात, प्रवाळांच्या खडकांत राहते. दिवसा ती दगडाखाली किंवा फटीत दडून बसते आणि रात्री बाहेर पडून शेवाळ खरवडून खाते. लहानपणी तिचे कवच नेहमीच्या गोगलगायीसारखे वळीचे, पातळ आणि रुंद तोंडाचे असते. वयात आल्यावर बाहेरचा ओठ आत वळतो, जाड होतो, दोन्ही ओठांवर दात उमटतात आणि तोंड अरुंद फटीसारखे होऊन जाते. तेव्हापासून कवचाची लांबी वाढत नाही, वाढतो तो फक्त जाडपणा. म्हणूनच लहान कवडी म्हणजे कोवळी कवडी असे समजणे चूक आहे. दीड सेंटिमीटरची कवडी पूर्ण वाढलेली असू शकते आणि तिच्याहून मोठी एखादी कच्ची असू शकते. निवडताना आकाराकडे न पाहता ओठाकडे पाहावे. ओठ पातळ असेल, दात नीट उमटलेले नसतील, तर ती कवडी वाढ पुरी होण्याआधीच काढलेली आहे आणि पाठ कापताना ती तडकणार. लहान, पण हाताला जड लागणारी, भरीव ओठांची कवडी सर्वांत उत्तम.

दुसरी गोष्ट चकाकीची. कवडीची चकाकी पॉलिशची नसते. जिवंतपणी या प्राण्याच्या अंगाचे दोन मऊ पदर कवचाच्या दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठीवर एकमेकांना मिळतात आणि सगळे कवच झाकून टाकतात. हेच पदर कवचावर थरावर थर चढवत राहतात, त्यामुळे ते घासले जात नाही, त्यावर काही उगवत नाही आणि ते चिनी मातीच्या भांड्यासारखे तुकतुकीत राहते. प्राणी मेल्यानंतर लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेल्या कवडीची ही चकाकी गेलेली असते, तिच्या पाठीवर बारीक खड्डे पडलेले असतात आणि दात झिजलेले असतात. दुकानदारांनी अशा निस्तेज कवड्या वेगळ्या पिशवीत ठेवल्या होत्या आणि त्या स्वस्तात देत होते. मला त्यांतल्याही काही घ्याव्याशा वाटल्या, कारण चकाकणारी प्रत्येक कवडी म्हणजे जिवंतपणी समुद्रातून काढलेला एक जीव आहे. कवडीची मादी घातलेल्या अंड्यांवर बसून त्यांचे रक्षण करते, आणि अशा वेळी ती उचलली गेली तर तिच्याबरोबर अंडीही जातात. देवीच्या माळेत थोड्या निस्तेज कवड्या असल्या तर तिच्या मोठेपणात काही उणे येणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि मी निम्म्या कवड्या त्या पिशवीतल्याच निवडल्या.

तिसरी गोष्ट वासाची. कवडी कानाशी हलवून पाहावी आणि नाकाशी धरावी. आतल्या वळीत मांसाचा अंश राहून गेला असेल तर कोरड्या दिवसांत तो कळत नाही, पण आपल्याकडच्या आषाढातल्या दमट हवेत त्याला वास सुटतो आणि देव्हाऱ्यात मुंग्या लागतात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काही काळ काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने तिथली पद्धत लिहून ठेवली आहे: समुद्रातून काढलेल्या कवड्या जमिनीत खड्डे करून त्यांत घालत, मांस कुजून नाहीसे झाले की पांढरे कवच तेवढे उरे. हे काम वेळ घेऊनच होते. घाईने उकळून वाळवलेल्या मालात हा दोष राहतो आणि तो दुकानातच हुंगून ओळखणे सोपे आहे.

मी निवड करत असताना शेजारी खानापूरकडचे एक शेतकरी बैलांच्या पट्ट्यासाठी कवड्या घेत होते. त्यांना दुकानदारांनी कड्याची जाड कवडी दिली, मोनेटा नव्हे, आणि कारणही सांगितले की बैलाच्या मानेच्या हालचालीने बारीक कवडीच्या कडांवरचे उंचवटे झडतात. चामड्याच्या किंवा लोकरीच्या पट्ट्यावर घट्ट शिवायच्या कवडीला गुळगुळीत बाह्यरेषाच सोयीची पडते, हे मला पटले. चौकाबाऱ्यासाठी कवड्या मागणाऱ्यांना ते पाठ न कापलेल्या, एकाच मापाच्या चार कवड्या फरशीवर टाकून दाखवून देतात. कापलेली कवडी बहुतेक वेळा एकाच अंगावर पडते, आणि मग खेळात गंमत राहत नाही.

याच दुकानात मला एक गोष्ट खटकली, तीही लिहिते. दिवाळीच्या सुमारास काउंटरवर पिवळीधमक ‘लक्ष्मी कवडी’ ठेवलेली असते, आणि तिची किंमत साध्या कवडीच्या कितीतरी पट असते. व्यापारी मंडळी लक्ष्मीपूजनाला ती गल्ल्यात ठेवण्यासाठी नेतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, पण ती वेगळी किंवा दुर्मिळ जात नाही. ती हीच मोनेटा आहे आणि बहुतेक वेळा ती रंगवलेली असते. निसर्गतः पिवळसर असलेल्या मोनेटाचा रंग पाठीवर असतो, कडांकडे तो फिका होत जातो आणि तोंडाची बाजू पांढरी राहते. रंगवलेल्या कवडीत दातांच्या खाचांतही पिवळा रंग उतरलेला असतो आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने घासले की कापूस पिवळा होतो. हे मी दुकानदारांना दाखवले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. गिऱ्हाईक पिवळीच मागते, असे म्हणाले. तरीही रंगवलेली कवडी रंगवलेली म्हणूनच विकायला हवी, आणि इतक्या प्रामाणिक दुकानात तर नक्कीच.

कवड्या निवडून झाल्यावर त्या कापून घेणे आणि गुंफणे हे काम पटवेकऱ्याचे. दुकानदारांनीच शेजारच्या गल्लीतल्या पटवेकऱ्यांकडे पाठवले. काळे दोरे, गोफ, करदोटे आणि मंगळसूत्र ओवून देणारी ही मंडळी दोऱ्याच्या कामात मुरलेली असतात, आणि कवड्यांच्या माळेचे आयुष्य जितके कवडीवर अवलंबून आहे तितकेच दोऱ्यावर आहे. त्यांनी प्रत्येक कवडीची पाठ कापल्यावर ती कड दगडावर घासून गोल करून घेतली. माझ्या दृष्टीने सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तयार माळांमध्ये नेमकी हीच गाळलेली असते. मग पिळाच्या सुती दोऱ्याचा जाड गोफ मध्ये ठेवून, पाठीच्या भोकातून दोरा घालून तोंडाच्या फटीतून काढत, एकेक कवडी गोफावर बांधली. प्रत्येक कवडीनंतर गाठ मारली, आणि पुढची कवडी आधीच्या कवडीवर किंचित चढेल अशी तिरकी बसवली. त्यामुळे कापलेली पाठ पूर्णपणे आत झाकली गेली आणि बाहेरून फक्त दातेरी तोंडांची अखंड ओळ दिसते. एखादा दोरा तुटला तरी गाठीमुळे एकच कवडी सुटेल, माळ ओघळणार नाही. नायलॉन का नको, असे मी विचारले. नायलॉन स्वतः कुजत नाही खरा, पण त्याची गाठ कालांतराने घसरते आणि ताण आला की तो कवडीच्या कडेवर करवतीसारखा चालतो, असे त्यांचे उत्तर होते. सुती गोफ काही वर्षांनी बदलावा लागेल, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

सासूबाईंच्या जुन्या माळेतल्या उरलेल्या कवड्या मी बरोबर नेल्या होत्या. त्या सगळ्या मोनेटा निघाल्या, मापाला एकसारख्या आणि अतिशय लहान. अशा बारीक कवडीला पूर्वी मोठा मान होता, आणि त्यामागे व्यवहार होता. मालदीवची कवडी आकाराने लहान, त्यामुळे तेवढ्याच वजनात ती अधिक मावे. नाणे म्हणून वाहून नेणाऱ्याला हे सोयीचे पडे. १६०२ ते १६०७ या काळात मालदीवमध्ये अडकून पडलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे की तिथल्या बायका अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन-तीन दिवस कमरेइतक्या पाण्यात उतरून कवड्या गोळा करत, आणि माडाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत बारा-बारा हजार कवड्या भरून त्या बाहेर जात. बंगालमधून तांदूळ मालदीवला जाई आणि बदल्यात कवड्या येत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दिलेल्या कोष्टकात वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी आणि चार काकिण्यांचा एक ‘पण’ (जुने नाणे) धरला आहे, म्हणजे ऐंशी कवड्यांचा एक ‘पण’, आणि बंगालमध्ये पुढे कित्येक शतके ऐंशी कवड्यांचाच ‘पण’ चालत राहिला. ओडिशात इंग्रजांनी कवडीचे चलन बंद करून कर चांदीच्या रुपयांत मागायला सुरुवात केली, तेव्हा लोकांची जी होरपळ झाली, ती १८१७ च्या पाइकांच्या, म्हणजे तिथल्या जमीनधारक सैनिकांच्या, उठावामागच्या कारणांपैकी एक होती. याच कवड्या युरोपीय कंपन्यांनी जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे गुलाम म्हणून विकत घेतली, हेही विसरता येत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची ॲन्युलस तिथे इतक्या प्रमाणात ओतली गेली की कवडीची किंमतच कोसळली. देवीच्या माळेतल्या एवढ्याशा कवचामागे हे सारे आहे, आणि म्हणून तरी ते डोळे उघडे ठेवून घ्यावे असे मला वाटते.

पटवेकऱ्यांनी जुन्या कवड्या नव्या माळेच्या मधोमध, पदकाच्या जागी बसवून दिल्या. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कवड्या आणि गुंफणीची मजुरी मिळून खर्च सहाशे रुपयांच्या घरात गेला. डोंगरावरच्या माळेच्या तो तिप्पट आहे हे खरे, पण ती माळ वर्षभरही टिकली नव्हती आणि या माळेचा एकही दोरा अजून सैल झालेला नाही.

निगा कशी राखावी याविषयी दुकानात फारसे कुणी सांगत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहिते. आपल्याकडे सणाआधी देवाची पितळी भांडी आणि टाक चिंचेने किंवा लिंबाने उजळण्याची पद्धत आहे, आणि त्याच हाताने माळही धुतली जाते. असे कदापि करू नये. कवडी चुन्याची आहे. चिंच, लिंबू, ताक, व्हिनेगर यांपैकी काहीही लागले तर वरचा तुकतुकीत थर विरघळतो, आणि एकदा गेलेली चकाकी कोणत्याही उपायाने परत येत नाही. माळ साध्या पाण्यात कापड भिजवून, पिळून पुसावी आणि सावलीत वाळवावी. उन्हात ठेवल्यास पाठीचा रंग उडतो. भंडारा लावायचाच असेल तर कोरडा लावावा. ओल्या हळदीचा डाग दातांच्या खाचांत कायमचा बसतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती ठेवावी कुठे. नवरात्र झाले की माळ लाकडी पेटीत किंवा प्लायवुडच्या बंद कपाटात ठेवून देण्याची आपली सवय. लाकडातून आणि त्याच्या डिंकातून आम्लाच्या सूक्ष्म वाफा निघत असतात, आणि बंद, दमट जागेत त्या कवचावर बसून त्याची पांढरी भुकटी करतात. १८९९ साली बाईन नावाच्या इंग्रज संग्राहकाने कपाटातल्या शंखशिंपल्यांवरची ही भुकटी पाहून तो जंतूंचा रोग असावा असे मानले होते. ती रासायनिक क्रिया आहे हे नंतर स्पष्ट झाले. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात पावसाळ्याचे महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथे हा धोका अधिक. आमच्या जुन्या माळेवरही अशीच पांढुरकी बुकणी होती आणि आम्ही ती वर्षानुवर्षे भंडाऱ्याची धूळ समजत होतो. माळ सुती कापडात गुंडाळून, हवा खेळेल अशा वेताच्या टोपलीत किंवा परडीतच ठेवलेली बरी.

जाता जाता या दुकानाची आणखी एक चांगली गोष्ट सांगते. सहलीच्या ठिकाणी शंखशिंपल्यांच्या दुकानांत नॉटिलस, मोठे शिरस्त्राण-शंख असे प्राणी शोभेच्या वस्तू म्हणून सर्रास दिसतात, वास्तविक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ मध्ये त्यांचा समावेश झाला असून त्यांची विक्री बेकायदा आहे. कवड्यांच्या वर्गातल्याही काही जाती त्या यादीत आहेत. या दुकानात असले काहीही नव्हते. मोठी, पाठीवर तपकिरी अक्षरांसारखी नक्षी असलेली अरबी कवडी मी सहज विचारली. ती कोकणच्या किनाऱ्यावरही सापडते. पण ‘आमच्याकडं माळेच्या कवड्याच असतात, शोभेचं काही ठेवत नाही,’ असे उत्तर मिळाले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी श्रावणाच्या आधी जावे. नवरात्राच्या तोंडावर पटवेकऱ्यांकडे माळांची इतकी गर्दी असते की कड घासण्याची पायरी तिथेही घाईत उरकली जाण्याचा संभव आहे. कवड्या निवडायला दुपारची वेळ बरी, कारण दुकान उत्तराभिमुख आणि खोल आहे आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात पिवळी व पांढरी कवडी सारखीच दिसते. जुनी माळ तुटलेली असेल तर तिच्यातल्या शाबूत कवड्या टाकून न देता बरोबर न्याव्यात, आणि नव्या कवड्या त्यांच्या शेजारी ठेवून, जात व माप जुळवून निवडाव्यात.